‘मालकासारखं वागा’ शिकवणारी सहा महिन्यांची सर्व्हिस : ३ स्टार, तेही एका दुपारच्या जोरावर

फर्मचं नाव लिहिणार नाहीये, आधीच सांगतो. एक तर त्यांच्याशी आमचं कॉन्ट्रॅक्ट अजून संपलेलं नाही, आणि खाली जे रडगाणं आहे ते या धंद्यातल्या इतरांनाही लागू पडेल असा माझा संशय आहे. तुमची कंपनी कामगारांच्याच मालकीची असेल किंवा व्हायच्या वाटेवर असेल, आणि कोणी लॅपटॉप उघडून ‘आम्ही तुमचं ओनरशिप कल्चर घडवून देतो’ म्हणत असेल तर वाचा, बाकीच्यांनी वेळ घालवला नाही तरी चालेल.

आमचं थोडक्यात असं की आम्ही सव्वाशेच्या आसपास माणसं, मशीनचे पार्ट बनवतो. मूळ मालकांच्या घरात पुढे चालवणारं कोणी नव्हतं आणि बाहेरच्या पार्टीला विकलं तर पहिल्या वर्षातच निम्मे लोक घरी बसतील हे त्यांनाही दिसत होतं, म्हणून त्यांनी शेअर एका ट्रस्टला विकले, ट्रस्टने त्यासाठी कर्ज काढलं, ते कर्ज कंपनीच्या नफ्यातून फिटतंय आणि जसजसं फिटतंय तसतसे शेअर आमच्या एकेकाच्या खात्यावर पडतायत. कोणाच्या खिशातून दमडी गेलेली नाही. ऐकायला भारी वाटतं पण गोची इथेच आहे, ज्यासाठी खिशात हात घातला नाही त्याची धाकधूकही नसते. वर्षातून एकदा कागद येतो, तुमचे इतके शेअर, किंमत इतकी, तो कागद माणूस कपाटात टाकतो आणि दुसऱ्या दिवशी येऊन नेहमीसारखा पंच मारतो. मालक!

(स्टार्टअपवाले ज्याला ईसॉप म्हणतात ते हे नाही हां. ते स्टॉक ऑप्शन, म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर घ्यायचा हक्क. आमच्या ट्रस्टवाल्या योजनेलाही ईसॉपच म्हणतात, नाव तेच, भानगड वेगळी. ही ट्रस्टवाली आयडिया लुई केल्सो नावाच्या अमेरिकन वकिलाची, १९५६ मध्ये त्याने ती एका वर्तमानपत्राच्या कंपनीत पहिल्यांदा वापरली, तिथेही मालकांना निवृत्तच व्हायचं होतं. तिथल्या कायद्यात ती नीट बसली १९७४ मध्ये.)

मी क्वालिटीला आहे, दिवसभर गेज लावून पार्टची मापं तपासायची आणि लोकांच्या शिव्या खायच्या. कल्चर कमिटीत माझं नाव कसं आलं, तर ज्या मीटिंगमध्ये नावं ठरली त्या मीटिंगला मी नव्हतो.

पॅकेजमध्ये सुरुवातीला एक सर्व्हे, चार वर्कशॉप, भिंतींसाठी पोस्टर, मोबाईलवर एक ॲप, दर महिन्याला कमिटीबरोबर तासभराचा कॉल आणि शेवटी रिपोर्ट.

सर्व्हेचं काय सांगू. साठेक प्रश्न, सगळे एक ते पाचवाले. ‘तुम्हाला कंपनीचे मालक असल्यासारखे वाटते का?’ हीट ट्रीटमेंटच्या आमच्या एका दादांनी विचारलं, वाटायचं कशाला, आहे की नाही ते सांगा ना, आणि सगळीकडे तीनवर टिक करून कागद परत दिला. त्या साठ प्रश्नांत ‘मागच्या वर्षी कंपनीला नफा किती झाला?’ असा एक साधा प्रश्न नव्हता. तो असता तर सर्व्हे तिथेच संपला असता, कारण ऑफिस सोडून उत्तर कोणालाच आलं नसतं.

ॲप तीन आठवड्यात मेलं. एकमेकांना शाबासकीची नाणी द्यायची अशी आयडिया होती, डिस्पॅचच्या दोघांनी आपापसात नाणी फिरवून लीडरबोर्डवर पहिला-दुसरा नंबर काढला, त्यावर एचआरच्या मॅडम चिडल्या, खेळ खलास.

पोस्टर मात्र लक्षात राहिले. ‘मी नोकर नाही, मी मालक आहे!’ असं लाल अक्षरात. दुसऱ्याच दिवशी स्टोअरच्या दारावरच्या पोस्टरखाली कोणीतरी पेनाने लिहिलं, ‘मग माझी रजा मीच मंजूर केली आहे.’ कोणी लिहिलं ते सगळ्यांना माहीत आहे, कोणी सांगणार नाही. खरं तर त्या फर्मने ती ओळ फुकटात मिळालेला सर्व्हे समजून वाचायला हवी होती. शेअर नावावर असणं वेगळं आणि आपला शब्द कुठे चालतो ते माहीत असणं वेगळं, आणि आमच्यात सगळा घोळ या दुसऱ्या गोष्टीचा होता. ट्रस्टच्या रचनेत शेअरची किंमत तुमची असते पण मत बहुतेक वेळा ट्रस्टी देतात, रोजचा कारभार पूर्वीसारखाच मॅनेजर लोक बघतात. म्हणजे मालक झालात म्हणून उद्यापासून सुपरवायझरला उलट बोलायला मोकळे, असं काही नसतं. हे सरळ सांगायचं तर पोस्टर लावले.

आता ती दुपार.

दुसरं वर्कशॉप. नव्या ट्रेनर बाई आल्या होत्या, पूर्वी त्या स्वतः कुठल्याशा फॅक्टरीत अकाउंट्सला होत्या म्हणे, आणि ते दिसत होतं. स्लाइड लावल्याच नाहीत. असेंब्लीचं मोठं टेबल रिकामं करायला लावलं, त्यावर कागदाच्या शंभर पट्ट्या ठेवल्या आणि म्हणाल्या, गिऱ्हाईकाने आपल्याला शंभर दिले असं समजा, यातले आपल्याकडे किती उरतात? प्रत्येकाने आकडा लिहून द्यायचा. तीस, पस्तीस, एकाने साठ लिहिले. मी वीस लिहिले होते, मला वाटलं मी फार हुशार.

मग त्यांनी एकेका माणसाला पुढे बोलावून पट्ट्या उचलायला लावल्या. स्टोअरवाले काका आले, मटेरियलच्या पट्ट्या उचलल्या, जवळजवळ निम्मं टेबल साफ. मग पगार, मग वीज, मग टूलिंग, मग वाहतूक, मग ट्रस्टसाठी काढलेल्या कर्जाचं व्याज, मग टॅक्स. प्रत्येक वेळी टेबलाभोवतीचा गलका थोडा कमी होत गेला. शेवटी सहा पट्ट्या उरल्या. बाईंनी त्या उचलून ग्राइंडिंगच्या आमच्या एका भावाच्या हातात दिल्या आणि विचारलं, मागच्या महिन्यात एक लॉट भंगारात गेला ना, तो भरून काढायला असे किती लॉट चांगले जायला हवेत? त्याने मनातल्या मनात हिशेब केला, परत केला, आणि म्हणाला, पंधरा-सोळा? ढोबळमानाने बरोबर. तो लॉट त्याच्याच मशीनवरचा होता, हे बाईंना माहीत नव्हतं, आम्हाला होतं. कोणी हसलं नाही.

पुढच्याच आठवड्यात तो माणूस एक पीस घेऊन स्वतःहून माझ्या टेबलाशी आला, ‘हे मला बरं वाटत नाहीये, बघ जरा.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा. एरवी मी त्याच्याकडे जायचो आणि तो माझ्या गेजलाच नावं ठेवायचा. हे कल्चर असेल तर आहे बाबा, मला मान्य आहे.

बाईंनी त्या दिवशी एसआरसीची गोष्ट सांगितली, स्प्रिंगफील्ड रीमॅन्युफॅक्चरिंग, अमेरिकेतली, जुनी इंजिनं नव्यासारखी करून द्यायचे. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनी अडचणीत आली तेव्हा १९८३ मध्ये जॅक स्टॅक आणि त्याच्या बरोबरच्या मॅनेजरांनी तो प्लांट विकत घेतला, स्वतःचे एक लाख डॉलर आणि कर्ज एकोणनव्वद लाख डॉलर. म्हणजे एक हप्ता चुकला की दुकान बंद. अशा वेळी त्यांनी कामगारांपासून आकडे लपवायच्या ऐवजी सगळ्यांना आकडे वाचायला शिकवलं, दर आठवड्याला सगळ्यांसमोर वही उघडायची, कोणाच्या विभागात काय झालं ते त्यानेच सांगायचं. ओपन बुक म्हणतात त्याला. पुढे तिथल्या कामगारांकडेही शेअर आले. तिथे कोणाला ‘मालकासारखं वाटून घ्या’ असं सांगावं लागलं नसणार, कर्जानेच सांगितलं असेल.

आणि मग मागून काकांनी प्रश्न विचारला. स्टोअरवाले, पस्तीस वर्षं झालीत त्यांना, बोलतात कमी. म्हणाले, ‘बाई, या सहा पट्ट्यांतून आम्ही रिटायर होऊ तेव्हा आमच्या शेअरचे पैसेही द्यायचेत का?’

शांतता. अकाउंट्सचे साहेब खिडकीतून बाहेर बघायला लागले.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कामगारांच्या मालकीच्या कंपनीतला सगळ्यात अवघड हिशेब हाच असतो. शेअर बाजारात विकता येत नाहीत, बाजारच नाही, त्यामुळे माणूस निवृत्त झाला किंवा सोडून गेला की त्याचे शेअर कंपनीलाच किंवा ट्रस्टलाच परत विकत घ्यायला लागतात, आणि तेही त्या वेळच्या भावाने. कंपनी जितकी चांगली चालली तितका भाव चढलेला, म्हणजे जितकं यश तितकं देणं मोठं. आणि एका बॅचला भरती झालेले लोक निवृत्तही बॅचनेच होतात. ज्यांनी हे आधी मोजलं नाही त्यांना एक दिवस कळतं की नवीन मशीन घ्यायची की गेलेल्यांचे पैसे द्यायचे, दोन्ही जमत नाही, आणि मग कंपनीच विकायची पाळी येते. म्हणजे ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला तेच उलटं होतं.

बाईंनी प्रामाणिकपणे सांगितलं, ‘याची स्लाइड माझ्याकडे नाहीये.’ मला त्या तिथे आवडल्या. पण फर्मला मार्क नाहीत, सहा महिन्यांच्या कोर्समध्ये ही गोष्ट नसावी म्हणजे पोहायला शिकवायचं आणि पाण्याबद्दल बोलायचं नाही असं झालं.

पुढचं काम आम्हीच केलं. दोन आठवडे कमिटी आणि अकाउंट्सची बरीच वादावादी झाली, साहेबांचं म्हणणं की असे आकडे दाखवले तर लोक घाबरतील, भाव पडेल म्हणून आत्ताच सोडून जातील. गेलं कोणीच नाही. नोटीस बोर्डाशेजारी आता एक मोठा तक्ता आहे, पुढच्या दहा वर्षांत दर वर्षी किती जण निवृत्त होणार, अंदाजे किती पैसे लागणार, बाजूला किती ठेवलेत. लोक त्याच्यासमोर थांबतात. बोनसवर भांडण व्हायचं ते आता त्या तक्त्याकडे बोट दाखवून होतं. भांडण तेच, पण दोन्ही पार्ट्या एकाच कागदाकडे बघून भांडतात.

पुढच्या दोन वर्कशॉपना दुसरे ट्रेनर होते, गोड बोलणारे. त्यांनी माँड्रागॉन असं काही रंगवलं की स्वर्गच. माँड्रागॉन म्हणजे स्पेनच्या बास्क भागातला सहकारी कंपन्यांचा गट, अरिझमेंडिअरिएटा नावाच्या एका पाद्रीने तिथे शाळा काढली आणि त्या शाळेतून शिकून निघालेल्या पाच जणांनी १९५६ मध्ये पहिली कंपनी सुरू केली. एक सभासद एक मत, खालच्या आणि वरच्या पगारातलं अंतर ठरवून मर्यादेत ठेवलेलं, नवीन सभासदाने स्वतःचं भांडवल घालायचं. हे सगळं खरंच आहे आणि शिकण्यासारखं आहे. पण त्याच पहिल्या कंपनीतून मोठी झालेली फागोर, फ्रिज-वॉशिंग मशीनवाली, ती २०१३ मध्ये बुडाली हे ट्रेनर साहेबांनी सांगितलंच नाही, ब्रेकमध्ये आमच्यातल्या एकाने मोबाईलवर शोधून काढलं. गटातल्या बाकीच्या कंपन्यांनी पैसे ओतून बघितले आणि शेवटी आणखी द्यायला नकार दिला. बऱ्याच सभासदांना गटातल्या दुसऱ्या कंपन्यांत काम दिलं गेलं, पण घातलेलं भांडवल गेलं ते गेलं. माझ्या मते शिकवायचं ते इथे आहे. संस्कृती कितीही चांगली असली तरी लोकांनी फ्रिज घेणं थांबवलं की थांबवलं, मग पडलेल्या माणसाला कोण कुठे धरतं हे आधी ठरलेलं असलं पाहिजे. आम्ही ब्रेकनंतर विचारलं तर साहेब म्हणाले, आपण पॉझिटिव्ह उदाहरणांवर फोकस करू या. बरं.

युनायटेड एअरलाइन्सचं नाव तर त्यांनी काढलंच नाही, आणि धडा घ्यायचा तर ती सगळ्यात उपयोगी. १९९४ मध्ये पायलट, मेकॅनिक वगैरे लोकांनी पगारकपात घेऊन ५५ टक्के मालकी मिळवली, तेव्हाची जगातल्या मोठ्या कामगार-मालकीच्या कंपन्यांपैकी एक. पण विमानातले अटेंडंट त्यात आलेच नाहीत. म्हणजे एकाच विमानात पुढे मालक बसलेला आणि मागे नोकर उभा. २००० च्या उन्हाळ्यात पायलटांनी ओव्हरटाइम नाकारला, उड्डाणं रखडली, आणि २००२ च्या डिसेंबरमध्ये कंपनी दिवाळखोरीत गेली. त्याला ११ सप्टेंबरसकट इतर शंभर कारणं होती, मान्य, पण ५५ टक्के मालकी असून एकमेकांवरचा राग काही गेला नव्हता.

हे इतकं लांबण लावून सांगतोय कारण आमच्याकडे तेच छोट्या प्रमाणात घडलं, तिसऱ्या वर्कशॉपला. ट्रेनर साहेब जोशात म्हणाले, ‘चला, सगळे मालक उभे राहा!’ सगळे उठले. शेवटच्या रांगेत आमचा एक नवीन मुलगा, भरती होऊन जेमतेम पाच महिने, तो अर्धा उठला आणि तसाच राहिला, ना बसलेला ना उभा, कारण आमच्याकडे दोन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय शेअरचं खातं उघडत नाही. असे आमच्यात दहा-बारा जण आहेत. त्याने माझ्याकडे बघितलं, मी मान खाली घातली, काय सांगणार. फर्मने आमची नियमावली एकदा तरी वाचली असती तर हे झालं नसतं. नंतर कमिटीने एवढंच केलं की खातं उघडलेलं नसलं तरी महिन्याच्या आकड्यांच्या मीटिंगला सगळ्यांनी बसायचं आणि नवीन माणसाला पहिल्याच महिन्यात त्याच्या विभागाची एक ओळ वाचून दाखवायला द्यायची. त्या पोराने विजेची ओळ घेतली आणि कॉम्प्रेसर जेवणाच्या सुट्टीत चालू का असतो असं विचारून मेंटेनन्सला घाम फोडला.

एक गोष्ट फर्मच्या बाजूने. चौथ्या वर्कशॉपमध्ये गोर कंपनीची ‘वॉटरलाइन’ शिकवली, गोर-टेक्स नावाचं पाणी न शिरणारं कापड बनवणारी, १९५८ ची कंपनी, तिथे कामगारांना असोसिएट म्हणतात. नियम असा की जहाजाला पाण्याच्या पातळीच्या वर भोक पडलं तर जहाज बुडत नाही, म्हणून तिथले प्रयोग बिनधास्त करा, पण पातळीच्या खाली भोक पाडायच्या आधी बाकीच्यांना विचारा. साध्या माणसाला लगेच कळतं. आम्ही यादी केली की आमच्यात पातळीच्या वर काय आणि खाली काय, आणि त्यातून नाइट शिफ्टच्या ताईंना शंका आली तर डिस्पॅच थांबवायचा अधिकार कागदावर मिळाला. आधी त्या फोन करत बसायच्या आणि साहेब उचलायचे नाहीत.

मला ज्याची सगळ्यात जास्त उणीव भासली ती म्हणजे ‘नाही’ म्हणायची सोय. मालक आहात असं सहा महिने ऐकलं, पण मालकाला एखादा निर्णय पटला नाही तर त्याने कुठे जायचं? इंग्लंडमधल्या जॉन लुईस या दुकानांच्या साखळीचं उदाहरण त्यांच्या स्लाइडवर होतं, मालक स्पेडन लुईसने १९२९ मध्ये धंदा ट्रस्टमध्ये टाकला, तिथे सगळे कामगार पार्टनर, वगैरे. पण तिथलं मला आवडणारं वेगळंच आहे. त्यांचं घरचं नियतकालिक गॅझेट, १९१८ मध्ये सुरू झालेलं, त्यात कोणालाही निनावी पत्र लिहून मॅनेजमेंटला फैलावर घेता यायचं आणि ज्याच्याबद्दल लिहिलंय त्या साहेबाने छापील उत्तर द्यायचं. विचार करा, निनावी आणि छापील. अशा जागी २०२० मध्ये सांगावं लागलं की पुढच्या वर्षी बोनस मिळणार नाही, १९५३ नंतर पहिल्यांदा. कुरकुर झाली असणारच, पण कुरकुर करायची जागा आधीपासून बांधलेली होती.

महिन्याच्या कॉलवर हे सुचवलं तर ‘तुमचं कल्चर अजून त्यासाठी मॅच्युअर नाहीये’ असं उत्तर आलं. म्हटलं ठीक आहे. एक पेटी बसवली, पत्र आणि उत्तर शेजारी-शेजारी बोर्डावर लावायचं ठरवलं. पहिलं पत्र आलं, नवीन मशीन घ्यायचं कोणी ठरवलं आणि चालवणाऱ्याला का विचारलं नाही. उत्तराला अकरा दिवस लागले आणि जे आलं ते अर्धं पान सरकारी मराठी, कोणालाच समजलं नाही. त्याखाली दुसरं पत्र लागलं, ‘उत्तर परत लिहा.’ परत लिहिलं, चार ओळी, त्यात ‘विचारायला हवं होतं’ असं स्पष्ट होतं. मॅच्युअर वगैरे काय ते बघून घ्या.

शेवटच्या रिपोर्टबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. रंगीत आहे.

तर हिशेब असा, सर्व्हे, ॲप आणि पोस्टर यांना काही नाही, वॉटरलाइनला एक, पट्ट्यांच्या दुपारला दोन. कॉन्ट्रॅक्ट पूर्ण रिन्यू केलं नाहीये, वर्षातून दोनदा फक्त त्या अकाउंट्सवाल्या बाई हव्यात असं कळवलं, फर्मने आधी आढेवेढे घेतले, पॅकेज तोडता येत नाही म्हणाले, मग आले लाइनवर. कोणी ही सर्व्हिस घेणार असाल तर सही करायच्या आधी त्यांना एकच विचारा, आमचा माणूस निवृत्त झाला की त्याचे पैसे कुठून येणार हे तुमच्या कितव्या सेशनमध्ये आहे. पुढचं तोंडावर दिसेल.

बाईंनी पुढच्या वेळी ती स्लाइड आणते म्हणून कबूल केलंय. काका तोवर निवृत्त झालेले असतील, पण त्या दिवशी येणार म्हणालेत.